कर्ज वेळेवर फेडलं, तरी बँक ‘नाही’ का म्हणाली?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी पेडणे तालुक्यात, मांद्र्याला राहते. माहेर सावंतवाडी. घराच्या मागच्या बाजूला आमच्या चार खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. त्याचे सगळे पैसे माझ्याच बचत खात्यात येतात. खातं अकरा वर्षांचं आहे. खोल्या बांधायला याच बँकेचं कर्ज घेतलं होतं, ते मुदतीआधी फेडलं. एकही हप्ता चुकवला नाही. क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरते. सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) ८०२ आहे. तरीही माझं साधं बचत खातं वरच्या श्रेणीत बदलून मागितलं तेव्हा बँकेने नकार दिला. मला मुख्य म्हणजे लॉकर हवा होता, घरात पाहुण्यांची ये-जा असते म्हणून. शिवाय डेबिट कार्डाची रोजची मर्यादाही वाढली असती. शाखेतले अधिकारी म्हणाले, “सिस्टम घेत नाही.” मग मोबाईलवर दोन ओळींचा मेसेज आला, त्यात कारण नाही. नंतर शाखेतल्याच एकाने सुचवलं की विम्याची एक पॉलिसी घ्या, मग बघतो. माझ्या नणंदेचे हप्ते मध्यंतरी थकले होते, तिचं खातं मात्र वरच्या श्रेणीत गेलं. घरात विषय निघाला की मान खाली जाते. (माझं पॅन कार्ड अजून माहेरच्या नावाचं आहे, त्याचा काही संबंध असेल का?) माझ्या नावावर कुठे काळा शेरा आहे का? तक्रार करू, की खातं बंद करून दुसऱ्या बँकेत जाऊ?
– एक वाचक, मांद्रे

उत्तर : ताई, आधी काळ्या शेऱ्याबद्दल. कर्ज थकलं, तडजोडीत मिटवलं, कार्डाची बाकी बँकेला सोडून द्यावी लागली, असं काही तुमच्या नावावर असतं तर स्कोअर ८०२ वर उभाच राहिला नसता. हा आकडा ३०० ते ९०० या पट्टीवर मोजतात. ८०० च्या पुढे जायला वर्षानुवर्षं हप्ते वेळेवर भरावे लागतात. तुम्ही ते पर्यटनाच्या धंद्यात राहून केलंत, आणि कोविडच्या काळात याच किनाऱ्यावर भलीभली माणसं हप्ते भरताना मेटाकुटीला आली होती. मान खाली घालावी असं तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. पुढचं वाचाल तेव्हा तुम्हालाही ते पटेल.

घोळ आहे तो दोन वेगळ्या मोजमापांचा. आपल्याकडे क्रेडिट अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्या अहवालात तुमची कर्जं असतात, कार्डं असतात, कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा गेला ते असतं, आणि कर्जासाठी कुणी कुणी तुमची चौकशी केली तेही असतं. तुमच्या बचत खात्यात किती शिल्लक आहे, ती महिनाभर टिकते की चार दिवसांत उडते, याबद्दल त्यात एक शब्द नसतो. वरच्या श्रेणीचं खातं देताना बँक तुम्हाला पैसे उसने देत नसते. तुमचे पैसे तिच्याकडे किती आणि किती काळ राहतील, खात्यात कसले व्यवहार होतात आणि कागद पुरे आहेत का, हे ती बघते. त्या खात्यासोबत क्रेडिट कार्ड किंवा ओव्हरड्राफ्ट (शिलकीपेक्षा जास्त पैसे काढायची सोय) जोडून मिळणार असेल तर कर्जविभागही तुमचा अहवाल काढतो. पण तिथे तुम्ही अडणार नाही. म्हणून शाखेत पुन्हा गेलात तर ८०२ चा कागद पुढे करू नका. समोरच्या माणसाच्या हातातला प्रश्नच वेगळा आहे.

मग अडलं कुठे असेल? तुमच्या पत्रातच मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा पावसाळ्याची. वरच्या श्रेणीला बँका ठरावीक सरासरी शिल्लक मागतात, काही महिन्याची, काही तिमाहीची. सरासरी काढतात ती रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीची. सगळ्या दिवसांची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं. डिसेंबर-जानेवारीत तुमच्या खात्यात दोन-अडीच लाख असतीलही. पण जुलै ते सप्टेंबर ही तिमाही घ्या. पेडण्यातल्या खोल्या तेव्हा रिकाम्या असतात. मुलांच्या शाळेचा खर्च नुकताच होऊन गेलेला, कौलं, पन्हळी, भिंतींची ओल यांवर पैसे गेलेले, आणि त्यातच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. माटोळीपासून (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) फटाक्यांपर्यंत सगळं, वर मुंबईहून आलेलं घर भरून माणूस. समजा जुलैभर रोज ६०,००० रुपये राहिले, ऑगस्टभर ३५,००० आणि सप्टेंबरभर ४५,०००. तर ९२ दिवसांची सरासरी येते साधारण ४६,७०० रुपये. बँकेची अट एक लाखाची असेल, तर हंगामात कितीही पैसा खेळला असला तरी या तिमाहीत तुम्ही अर्ध्यावरसुद्धा पोचत नाही.

इथे बरेच जण एक युक्ती करतात आणि फसतात. कुणीतरी सांगतं, तिमाही संपायच्या आधी मोठी रक्कम टाका. वरच्याच उदाहरणात शेवटचे तीन दिवस तुम्ही आणखी दोन लाख आणून ठेवलेत, तरी सरासरी वाढते फक्त साडेसहा हजारांनी. सहा लाखांना ९२ ने भागून बघा. त्यासाठी भावाकडून उसने आणणं, दागिना गहाण टाकणं, असलं काही करू नका.

ही अडचण एकट्या तुमची नाही, आणि मला ती मनापासून अन्यायाची वाटते. टॅक्सीवाले, शॅकवाले, खोल्यावाले, या सगळ्यांचं वर्ष ऑक्टोबर ते मे असं असतं. बारा महिन्यांच्या पगारदाराला लावलेली सरासरी त्यांना लावली की निम्मं वर्ष ते ‘कमी पडलेले’ दिसतात. शाखेतल्या माणसाला हे ठाऊक असतं, तोही इथलाच असतो. पण अट मुख्य कार्यालयात ठरते. म्हणून अर्ज कधी करायचा याला महत्त्व आहे. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीची सरासरी हातात आल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज केला तर चित्र वेगळं असेल. शिवाय बऱ्याच बँका बचत खात्यातली शिल्लक आणि त्याच बँकेतल्या मुदत ठेवी एकत्र धरतात. काही बँका नवरा-बायकोची खाती एका कुटुंबाची म्हणून जोडतात, पण तसं लेखी सांगावं लागतं, आपोआप होत नाही. तुमच्या ठेवी गावातल्या पतसंस्थेत असतील तर त्या या हिशेबात येत नाहीत.

दुसरी जागा मला जास्त महत्त्वाची वाटते. खोल्यांचे पैसे तुम्ही बचत खात्यात घेता. बचत खातं धंद्यासाठी वापरणार नाही, अशी अट बहुतेक बँकांच्या खाते उघडण्याच्या अर्जात असते. आपण सगळेच ती न वाचता सही करतो. अनोळखी नावांवरून रोज येणारे यूपीआयचे अडीच-तीन हजार, बुकिंग कंपनीकडून आठवड्याला जमा होणारी रक्कम, सुट्टीनंतरचा रोख भरणा, हे सगळं बँकेच्या संगणकाला दिसतं आणि तो त्याला धंदा म्हणतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तुमची कमाई कष्टाची आणि उघड आहे. पण अशा खात्याला बचतीची वरची श्रेणी देण्याऐवजी बँक चालू खातं उघडा म्हणणार. खरं तर तिने तुम्हाला हेच सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

चालू खातं उघडा असं माझंही मत आहे, मग वरची श्रेणी मिळो न मिळो. घरचा पैसा आणि खोल्यांचा पैसा वेगळा झाला की आयकराचं विवरण भरणं सोपं जातं. उद्या पाचव्या खोलीसाठी कर्ज मागितलंत तर धंद्याचा स्वच्छ उतारा हातात असतो. आणखी एक कारण आहे. एका आर्थिक वर्षात बचत खात्यात भरलेली रोख १० लाखांवर गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते. चालू खात्याला ही रेषा ५० लाखांची आहे. मालकीच्या धंद्याचं चालू खातं उघडायला तुमच्या ओळखीच्या कागदांखेरीज धंद्याचे साधारण दोन पुरावे लागतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, आधारवर, घरबसल्या, फुकट होते. दलालाला त्यासाठी पैसे देऊ नका. दुसरा पुरावा म्हणून पर्यटन खात्याचा दाखला चालायला हवा. गोव्यात पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागतेच, ती तुमच्याकडे असेल असं मी धरून चालतो. नसेल तर खात्याच्या श्रेणीआधी ते काम करा.

यात एक अडचण आहे, तीही सांगतो. खोल्यांचा पैसा चालू खात्यात वळला की बचत खात्याची सरासरी आणखी खाली येईल. त्यावर सोपा मार्ग असा की दर महिन्याच्या एक तारखेला चालू खात्यातून बचत खात्यात ठरावीक रक्कम स्वतःला पगारासारखी वळती करायची, पावसाळ्यातसुद्धा. हंगामात जे उरतं त्यातून पावसाळ्याच्या महिन्यांची तरतूद आधीच मुदत ठेवीत बाजूला काढायची. चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि त्यालाही किमान शिलकीची अट असते. ती दोन-तीन बँकांत विचारून सगळ्यात कमी असेल तिथे खातं उघडा, याच बँकेत उघडलं पाहिजे असं नाही.

तिसरी जागा कागदांची. कंसात टाकलेला तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाची केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याच्या कागदांची नोंद, ठरावीक काळाने ताजी करावी लागते : बँकेच्या लेखी ग्राहकाची जोखीम जास्त असेल तर दर २ वर्षांनी, मध्यम असेल तर ८, कमी असेल तर १०. तुमचं खातं अकरा वर्षांचं. म्हणजे सगळ्यात कमी जोखमीच्या ग्राहकालाही जी मुदत मिळते ती उलटून गेली. मध्ये कर्ज घेताना कागद पुन्हा दिले असतील तर गोष्ट वेगळी. नसतील, तर बऱ्याच ठिकाणी केवायसी थकलेलं खातं संगणक दुसऱ्या प्रकारात हलवू देत नाही, आणि शाखेत त्यालाच ‘सिस्टम घेत नाही’ म्हणतात. काहीच बदललेलं नसेल तर ‘बदल नाही’ असं स्वतःचं निवेदन पुरतं. पण तुमच्या बाबतीत आधार सासरच्या नावाचं आणि पॅन माहेरच्या नावाचं असेल तर जुळणीत अडकणारच. त्यातून आपली आडनावं! गांवकर हे एकच आडनाव रोमी लिपीत एका घरात तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल, आणि यंत्राला ती तीन माणसं वाटतात.

यावर उपाय साधा आहे. लग्नाने नाव बदललं असेल तर सरकारी विवाह दाखला जोडून जुन्या नावाचा कागद चालतो, असं केवायसीच्या नियमांतच आहे. गोव्यात लग्नाची सिव्हिल नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे दाखला घरी असेल. सापडत नसेल तर जिथे नोंद झाली त्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीतून प्रत काढा. ती बँकेत द्या आणि पोच घ्या. सोबत पॅनवरच्या नावाची दुरुस्तीही करून टाका. या एका विसंगतीने पुढे मालमत्तेची नोंदणी, विमा, मुलांच्या शिक्षणाचं कर्ज, सगळीकडे अडवणूक होते. सासरी आलेल्या कितीतरी बायकांचे कागद असे दोन नावांत विभागलेले असतात आणि घरात कुणालाच ते काम तातडीचं वाटत नाही. तुम्ही ते करा.

आता बँकेला कारण विचारायचं. इथे तुमचा हक्क कुठपर्यंत पोचतो ते नीट माहीत असलं म्हणजे भांडण योग्य जागी होतं. कर्ज नाकारलं किंवा क्रेडिट कार्ड नाकारलं तर कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलं आहे. बचत खात्याची श्रेणी त्या नियमांत येत नाही. कुणाला कोणती श्रेणी द्यायची हा बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरतो, आणि अशा निर्णयाविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेचा लोकपालही (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) घेत नाही. शिवाय बँकेने तुम्हाला कोणत्या जोखीम-श्रेणीत टाकलं आहे आणि का, हे ग्राहकाला सांगू नये असाच नियम आहे. तेव्हा ‘मला वरची श्रेणी द्या’ म्हणून लोकपालाकडे गेलात तर महिने जातील आणि हात हलवत परत याल.

म्हणून गप्प बसायचं असं मात्र अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेने ३ डिसेंबर २०१४ ला ग्राहकांच्या पाच हक्कांची सनद काढली. त्यात न्याय्य वागणूक आहे, पारदर्शक आणि प्रामाणिक व्यवहार आहे, ग्राहकाला योग्य तेच विकणं आहे, गोपनीयता आहे आणि तक्रारीचं निवारण आहे. अकरा वर्षांच्या ग्राहकाला ‘सिस्टम घेत नाही’ एवढ्यावर परत पाठवणं यातल्या दुसऱ्या हक्काला धरून नाही. श्रेणी देणं बँकेच्या मर्जीवर असेल, पण अटी काय आहेत आणि माझ्याकडून कोणता कागद बाकी आहे, हे सांगणं मर्जीवर नाही. म्हणून पत्र असं लिहा की उत्तर टाळता येऊ नये :

“माननीय शाखा व्यवस्थापक, माझं बचत खातं अमुक श्रेणीत बदलण्याची विनंती अमुक तारखेला नाकारल्याचा संदेश मिळाला. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. या श्रेणीसाठी लागणारी सरासरी शिल्लक किती, ती महिन्याची की तिमाहीची, आणि माझ्या खात्याची मागच्या चार तिमाहींची सरासरी किती होती? मुदत ठेवी आणि कुटुंबातली खाती यात धरली जातात का? माझ्या खात्याची केवायसी शेवटची कधी अद्ययावत झाली, आणि माझ्याकडून कोणतं कागदपत्र येणं बाकी आहे का? खात्यातल्या व्यवहारांच्या स्वरूपामुळे चालू खातं उघडणं अपेक्षित आहे का? अर्ज पुन्हा कधी करता येईल?”

पत्रात कुणाची तुलना नको, नणंदेचं नाव नको, राग नको. मराठीत लिहिलंत तरी चालेल. वरच्या कार्यालयात जायचं असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा, वेळ वाचतो. शाखेचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. शाखेने उत्तर दिलं नाही तर हेच पत्र बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, तक्रार म्हणून पाठवा. त्यांचा पत्ता शाखेच्या फलकावर आणि बँकेच्या संकेतस्थळावर असतो. तक्रार देऊन ३० दिवस उलटले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर उडवाउडवीचं असेल, तर मात्र लोकपालाचा दरवाजा उघडा आहे, कारण आता तुमची तक्रार श्रेणीबद्दल राहत नाही, सेवेतल्या उणिवेबद्दल होते. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर, किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राकडे, अशी ती करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

विम्याबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. पॉलिसी घ्या, मग खात्याचं बघतो, हे म्हणणं चुकीचं आहे. खात्याच्या श्रेणीचा आणि विम्याचा काहीही संबंध नाही, आणि ग्राहकाच्या अडचणीचा असा फायदा घेणं त्या सनदेच्या थेट विरुद्ध आहे. पुन्हा तसं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, “हे मला लेखी द्या.” बहुधा विषय तिथेच संपेल. दबावाखाली सही आधीच केली असेल तर पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या काळातलं संरक्षण, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक यांचा थोडा खर्च कापून बाकी पैसे मिळतात.

नणंदेचं खातं तुमच्याआधी का सरकलं असेल, याचा अंदाज आता तुम्हालाही येईल. पगार जमा होणाऱ्या खात्याला श्रेणी पगारावर मिळते. सरकारी नोकरी असेल तर ती जवळजवळ आपोआप लागते. कदाचित तिच्या नावावर त्याच बँकेत ठेव असेल. तिचे थकलेले हप्ते तिच्या क्रेडिट अहवालात आहेत आणि ती कर्ज मागायला जाईल तेव्हा पुढे येतील. त्या दारात तुम्ही तिच्या पुष्कळ पुढे आहात. घरात विषय निघाला तर एवढंच सांगा आणि नात्यात कडवटपणा येऊ देऊ नका.

आता मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते. तुम्हाला हवाय लॉकर, आणि लॉकरसाठी वरची श्रेणी लागतच नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ ला लॉकरचे नियम नव्याने केले, ते २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाले. त्यानुसार लॉकरच्या प्रत्येक अर्जाची पोच द्यावी लागते. लॉकर रिकामा नसेल तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यावा लागतो. तीन वर्षांचं भाडं आणि वेळ पडल्यास लॉकर फोडायचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव बँक मागू शकते, पण ज्यांचं खातं समाधानकारक चालू आहे त्यांच्याकडे तिचाही आग्रह धरू नये असं त्यात म्हटलं आहे. अकरा वर्षं खातं आणि फिटलेलं कर्ज याहून समाधानकारक ते काय असतं? आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. हेही लक्षात ठेवा, कारण सोन्याच्या आजच्या भावात ती रक्कम कमी पडू शकते आणि दागिन्यांचा वेगळा विमा काढावासा वाटेल. लॉकरचा अर्ज या आठवड्यात स्वतंत्रपणे द्या. त्याच बँकेत नाही मिळाला तर पेडण्यात, म्हापशात, जिथे मिळेल तिथे द्या. आणि कार्डाची रोजची मर्यादा त्या कार्डाच्या कमाल मर्यादेपर्यंत मोबाईल अॅपमधूनही वाढवता येते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

हे दोन्ही मिळाल्यावर वरच्या श्रेणीत काय उरतं, ते एकदा कागदावर मांडा. विमानतळावरचं विश्रांती-दालन? मोपाचा विमानतळ तुमच्या घरापासून जवळ आहे, पण तुमचा धंदा विमानाने येणाऱ्यांचा आहे, तुम्ही स्वतः वर्षातून किती वेळा उडता? त्या बदल्यात एक-दोन लाख रुपये बचतीच्या व्याजावर बारा महिने अडकून राहणार. आणि एखाद्या पावसाळ्यात शिल्लक घसरली तर दंड. तसा दंड लावायच्या आधी बँकेने कळवून महिनाभराची सवड द्यायची असते आणि तो तुटीच्या प्रमाणातच घ्यायचा असतो, हेही तुम्हाला माहीत असू द्या.

त्यात आणखी एक विचार आहे, आणि तो गोव्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बन बँकेचा २०२१ मध्ये. ठेवींवरच्या विम्याचं कवच एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांचं आहे. खात्याची श्रेणी सोनेरी असो वा साधी, त्या कवचात एक रुपयाची भर पडत नाही. श्रेणी मिळवायची म्हणून सगळ्या ठेवी मोडून एकाच बँकेत गोळा करू नका, मग बँक कितीही मोठी असो.

खातं बंद करायचं की नाही? रागात करू नका. पत्राचं उत्तर येऊ द्या. केवायसी अडली होती असं निघालं तर महिनाभरात काम होईल आणि सोडून जायचं कारणच उरणार नाही. उत्तर आलंच नाही, किंवा आलेल्या उत्तरात तुमचा मान राखलेला नसेल, तर खुशाल जा. पण आधी दुसरीकडे खातं सुरू करा, बुकिंग कंपन्यांकडे नवा क्रमांक नोंदवून एक-दोन रकमा तिथे जमा झालेल्या बघा, विजेचं बिल, विमा वळवा, आणि हे सगळं ऑक्टोबर उजाडायच्या आत उरका. हंगामात तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते.

आणि एक गोष्ट तपासा, जी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. त्या कर्जाला घर किंवा जमीन तारण होती का? पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत करायची असतात, तारणाची नोंदही काढून टाकायची असते. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. तुमची फेड त्यानंतरची असेल आणि घराचे कागद अजून बँकेतच पडून असतील, तर श्रेणीचं पत्र राहू दे बाजूला, त्या कागदांचं पत्र आधी द्या.